ओळीखालची पितळी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी पट्टी आहे, पण मला तुमच्या दप्तरातल्या पट्ट्यांच्या रांगेत बसवू नका. माझ्या अंगावर सेंटिमीटर नाहीत, इंच नाहीत, साधी एक रेघसुद्धा नाही. मी जन्मात काही मोजलेलं नाही. माझं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या ओळींखाली आडवं पडून गेलं.

माझं पितळ कुठलं, याबद्दल दोन मतं आहेत. ज्या ओताऱ्याने मला घडवलं, तो सांगायचा की हे एका जुन्या तोफेचं पितळ. त्याचा भाऊ म्हणायचा, कसली तोफ आणि कसलं काय, पडक्या घराचे नळ होते ते. मी तोफेच्या बाजूने आहे. त्या तोफेतून सुटलेला एक गोळा अजून खाली आलेला नाही, असंही मी पूर्वी सांगत असे. हल्ली कोणी विचारत नाही, म्हणून राहून जातं.

ओताऱ्याने मला कानशीने घासलं, काचेवर उभं धरलं आणि माझ्या कडेखालून उजेड दिसतो का ते पाहिलं. दिसला नाही. तेव्हा तो "हं" म्हणाला. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. मग त्याने मला फडक्यात गुंडाळून एका छापखान्यात पाठवलं.

मला वाटलं होतं, छापखाना म्हणजे मोठ्या यंत्राशेजारी रुबाबात जागा मिळणार. पण मला जिन्याने वर नेलं आणि कोपऱ्यातल्या एका खोलीत टेबलावर ठेवलं. खोलीत ते टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि एक खिडकी. दाराच्या आतल्या बाजूला पाटी होती: 'मूळ प्रतीत नाही ते येथे बोलू नये.'

ही पाटी का, ते सांगते. पुस्तक छापण्याआधी त्याचा एक कच्चा छाप काढतात, त्याला प्रूफ म्हणतात. ते तपासायला दोन माणसं लागतात. एकजण लेखकाने लिहिलेली मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा प्रुफावर डोळे ठेवून ऐकतो. नुसते शब्द वाचून भागत नाही. प्रत्येक खूण बोलून दाखवावी लागते. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, कुठे बोलणं सुरू होतं, कुठे संपतं, सगळं. मग मध्येच कोणी दुसरं काही बोललं, तर तेही पुस्तकात जायची भीती. माझ्या आधीच्या काळात एकदा वाचणारा मध्येच "चहा गार झाला" म्हणाला आणि ते एका सेनापतीच्या भाषणात छापून गेलं म्हणे. ते भाषण पुढे कितीतरी वर्षं शाळांमधून पाठ करून घेतलं, आणि चहापाशी आलं की मुलांचे डोळे भरून येत. हे मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही. पण पाटी मात्र मी रोज पाहिली.

माझं काम सोपं होतं. चालू ओळीच्या खाली पडून राहायचं. ओळ संपली की एक ओळ खाली सरकायचं. माझ्यामुळे डोळा घसरत नसे. पण त्यामुळे झालं असं, की मला कधीही एका ओळीपलीकडे दिसलं नाही. वरचं विसरायचं, खालचं अजून यायचं. इतकी पुस्तकं माझ्या अंगावरून गेली, पण एखादी गोष्ट सबंध सांग म्हणाल तर मला येणार नाही. मधलं काहीतरी निसटतंच, आणि ते मी पदरचं घालून भरते.

मला धरणारा हात मास्तरांचा होता. ते पूर्वी शाळेत होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. उंच, वाकलेले, बोटांना कायम लाल पेन्सिलीचा डाग. समोरच्या खुर्चीत ताई बसत. सगळा छापखाना त्यांना ताईच म्हणायचा, मालकसुद्धा, आणि मालक त्यांच्याहून वयाने चांगले मोठे होते. ताईंचा आवाज घोगरा होता. यंत्रं चालवणारा माणूस म्हणायचा, आमच्या यंत्राला तेल कमी पडलं की असाच आवाज येतो. पण त्या घोगऱ्या आवाजात एकही खूण पडत नसे.

आमच्याकडे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं छापली जात. गोष्टी म्हटलं की बोलणारी माणसं आली, आणि बोलणारी माणसं आली की अवतरणचिन्हं आली. छापखान्यात त्यांना नुसतं कोट म्हणत. ताई वाचायच्या, "कोट सुरू, कॅपिटल, कम टुमॉरो, स्वल्प, कोट बंद, सेड द ओल्ड मॅन, टिंब." पूर्णविरामाला त्या टिंब म्हणत. इकडे मास्तरांची लाल पेन्सिल प्रत्येक खुणेपाशी हलकेच टेकायची आणि मी खाली सरकायची.

मित्रांनो, मी तोफेच्या वंशातली असले तरी या खुणा मला पाठ झाल्या आहेत, तेव्हा चार गोष्टी सांगून ठेवते. कोटाच्या दोन खुणा म्हणजे बोलणाऱ्याच्या घराच्या दोन भिंती समजा. तो जे बोलला तेच आत, आपलं काही आत ढकलायचं नाही. स्वल्प आणि टिंब आमच्याकडे नेहमी दुसऱ्या भिंतीच्या आत ठेवत. अर्धविराम बाहेर राहायचा. प्रश्नचिन्ह मात्र ज्याचं त्याच्याकडे: म्हातारा स्वतः विचारत असेल तर प्रश्न त्याच्या घरात, आणि म्हातारा अमुक म्हणाला का असं आपण विचारत असू, तर प्रश्न आपला, तो भिंतीबाहेर. बोलणाऱ्याने आणखी कोणाचं बोलणं सांगितलं, तर त्या आतल्या बोलण्याला एकेरी खुणा. दुसऱ्या छापखान्यांत टिंब बाहेर ठेवायची रीतही आहे, आणि तीही चुकीची नाही. पण एक रीत धरली की पुस्तकभर ती सोडायची नाही, हे मास्तरांचं म्हणणं.

ही समज मला पाटीखाली बसून आलेली नाही. ती आली दाराबाहेरच्या जिन्याच्या चौकातून. खोलीत बोलायची बंदी, म्हणून काही अडलं की दोघं उठून बाहेर जात आणि चौकात उभं राहून भांडत. दार अर्धं उघडं राहायचं आणि मला सगळं ऐकू यायचं.

"मास्तर, तो प्रश्न म्हातारीचा आहे की लेखकाचा?"

"म्हातारीचा."

"मग तिच्या तोंडातला प्रश्न रस्त्यावर का टाकलात?"

"मी नाही टाकला. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने टाकला."

"आणि तुमची पेन्सिल तिथून फिरायला गेली होती वाटतं."

"तुम्ही इतकं सपाट वाचलंत, मला तो प्रश्न वाटलाच नाही."

"घसा बसलाय माझा. तीन दिवस झाले. तुम्हाला आज कळलं होय?"

दुसऱ्या दिवशी ताईंच्या बाजूला टेबलावर मधाची छोटी बाटली होती. कोणी ठेवली, हे मूळ प्रतीत नव्हतं, त्यामुळे कोणी बोललं नाही. ताईंनी बोटभर मध चाटला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "पान सुरू."

एकदा चौकात ताईंनी विचारलं होतं, "स्वल्प आणि टिंबच का हो आत? बाकीच्यांनी काय घोडं मारलंय?"

मास्तर म्हणाले, "जुने लोक सांगतात, ते खिळे फार बारीक. ओळीच्या शेवटी उघड्यावर राहिले की मोडायचे. म्हणून त्यांना आत घेतलं."

"असं होय. थंडी वाजते बिचाऱ्यांना."

"खरं खोटं माहीत नाही."

"राहू दे. खरंच असेल."

त्या दिवसापासून टिंब आलं की ताई ते जरा हळू म्हणत. मास्तरांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं.

ताई आपल्या भावाच्या घरी राहत. घरात भाऊ, वहिनी आणि एक भाची. दिवसभर खुणा वाचून त्यांना अशी सवय लागली होती, की घरीही तोंडातून त्याच निघायच्या. खालच्या मजल्यावर पुस्तकांची शिवण घालणारी एक बाई होती, सगळे तिला शिवणबाई म्हणत. ती ताईंची मैत्रीण. दुपारी चौकात बसून ताई तिला सांगत होत्या.

"काल मी वहिनीला म्हटलं, वहिनी, स्वल्प, दूध उतू जातंय, टिंब."

"मग?"

"मग काय? वहिनी म्हणते, आधी दूध उतरवा, टिंब मागाहून द्या."

शिवणबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. आत मास्तर एकटेच डबा खात होते. तेही हसले. पण कसे, तर आधी दाराकडे पाहून घेतलं आणि मग तोंड खाली घालून.

मास्तरांच्या घरी दूध उतू जायला कोणी नव्हतं. त्यांची बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. घर म्हणजे एक खोली, आणि त्या खोलीत पाटी नव्हती तरी बोलणं नव्हतं. सकाळी ते सगळ्यांच्या आधी येत. मला रुमालाने पुसत. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत, जिन्यावर ताईंच्या चपला वाजेपर्यंत. सबंध दिवसात त्यांच्या कानावर जो माणसाचा आवाज पडायचा तो एवढाच, घोगरा, आणि तोही दुसऱ्याने लिहिलेलं वाचणारा. रविवारी मी टेबलावर एकटी पडून असायची, आणि मला वाटायचं, मास्तरांची अवस्था काही वेगळी नसणार. मला निदान पडून राहायची सवय होती.

अशी खूप वर्षं गेली. आमच्या पुस्तकांत चूक सापडत नाही अशी ख्याती झाली. मालक पाहुण्यांना वर घेऊन येत, दारातूनच आत दाखवत आणि कुजबुजत, "ही आमची वाचनाची जोडी." पाहुणे कौतुकाने माना हलवत. कोणी माझं नाव काढत नसे. पण एका पाहुण्याने मला उचलून "वजनदार आहे" असं म्हटलं होतं, ते मी अजून धरून ठेवलंय.

मग एके दिवशी ताई पान संपल्यावर उठल्या आणि मास्तरांना बाहेर या अशी खूण केली. काही अडलं नव्हतं. मास्तर गोंधळून गेले.

"भावाची बदली झाली," ताई म्हणाल्या. "लांबच्या गावी. महिनाअखेर सगळं घर हलवायचंय."

"हं."

"मलाही जावं लागेल. इथे एकटी राहून काय करू?"

"हं."

"भाऊ म्हणतो, तिकडेही छापखाने आहेत."

"असतील."

खालून यंत्राची धडधड येत होती. मी पितळेची, पण मला घाम फुटला. मित्रांनो, काही माणसांना दुसऱ्याच्या बोलण्यातला एक स्वल्प पडलेला दिसतो, आणि स्वतःचं अख्खं वाक्य घशात अडकलेलं दिसत नाही.

"बरं," ताई म्हणाल्या. "चला, पुढचं पान घेऊ."

त्यानंतर मास्तर सकाळी आणखी लवकर येऊ लागले. मला हातात घट्ट धरून रिकाम्या खुर्चीसमोर बसत आणि पुटपुटत. पहिल्या दिवशी म्हणाले, "ताई, स्वल्प, तुम्ही जाऊ नका, टिंब." मग मान हलवली. त्यांना ते हुकूम दिल्यासारखं वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्ही इथेच थांबाल का, प्रश्न." तिसऱ्या दिवशी त्याला जोडून, "मी आहे, टिंब." हे त्यांना आवडलं. ते त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. मी त्यांच्या मुठीत होते. त्यांचा तळवा इतका गरम झाला होता, की ओताऱ्याच्या भट्टीची आठवण यावी. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. ताई आत आल्या, चष्मा पुसून बसल्या. आणि मास्तर म्हणाले, "पान सुरू."

रोज हेच. रोज चपला वाजायच्या आणि रोज ते वाक्य परत आत जायचं.

ताईंचा शेवटचा दिवस आला. लहान मुलांच्या एका गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटचं पान उरलं होतं. एक शेतकरीण, एक म्हातारा, एक गाय. ताईंनी सावकाश वाचलं. शेवटची ओळ आली, आणि ती अशी होती: "कोट सुरू, कॅपिटल, द काऊ इज इन द गार्डन, स्वल्प, कोट बंद, शी सेड, टिंब." गाय बागेत आहे, असं ती म्हणाली. संपलं.

ताईंनी कागद खाली ठेवायला हात हलवला.

"परत," मास्तर म्हणाले.

इथे एक सांगायला हवं. वाचन चालू असताना ऐकणाऱ्याला स्वतःचा म्हणून एकच शब्द बोलायची मुभा असते, तो म्हणजे 'परत'. नीट ऐकू आलं नाही, काही चुकल्यासारखं वाटलं, तर तो म्हणायचा आणि वाचणाऱ्याने निमूट तीच ओळ पुन्हा वाचायची. का म्हणून विचारायचं नाही.

ताईंनी ओळ पुन्हा वाचली. गाय बागेत.

"परत."

त्यांनी चष्मा सरळ केला आणि जरा मोठ्याने वाचलं. गाय बागेतच होती.

"परत."

मित्रांनो, मी त्या ओळीखाली होते. ओळ स्वच्छ होती. स्वल्प आत, भिंत जागेवर, टिंब शेवटी. त्यात चूक काढणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. मास्तर मला खाली सरकवत नव्हते. त्यांची बोटं माझ्यावर दाबलेली होती आणि पेन्सिल भलत्याच ठिकाणी टेकलेली होती. ताई वाचत होत्या, मास्तर परत म्हणत होते, आणि ती गाय एव्हाना बाग संपवून शेजाऱ्यांच्या शेतात शिरली असेल. खिडकीतलं ऊन टेबलावरून उतरून जमिनीवर गेलं, जमिनीवरून भिंतीवर चढलं. खालचं यंत्र थांबलं. लोक हात धुऊन घरी निघाले. काहीजण म्हणतात मी वाढवून सांगते. सांगत असेन. पण ऊन भिंतीवर चढलं होतं, हे खरं.

शेवटी ताईंनी कागद खाली ठेवला. पाटीकडे पाहिलं. आणि हळूच दाराकडे बोट केलं.

दोघं बाहेर गेली. मास्तर जाताना मला सोडायला विसरले आणि परत येऊन ठेवून गेले, एवढी त्यांची तारांबळ. माझ्या मनात आलं, चला, सुटलो एकदाचे. चौकात बोलायला मोकळीक आहे. वाक्य तयार आहे. रोज घोटलेलं आहे.

पण त्या दिवशी वारा होता. दार आपटून बंद झालं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने ताई एकट्याच आत आल्या. आपली पिशवी घेतली, मधाची बाटली घेतली. मग थांबल्या आणि मला उचललं. त्यांनी मला पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. रुमालाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसलं, प्रुफावर जिथल्या तिथे ठेवलं आणि निघून गेल्या. जिन्यावर चपला उतरत गेल्या. त्या उतरताना कशा वाजतात, हे मी तोवर नीट ऐकलंच नव्हतं. संध्याकाळी त्या निघायच्या तेव्हा खालचं यंत्र चालू असायचं.

चौकात काय झालं, ते मला पुढे शिवणबाईकडून कळलं. ती खालच्या पायऱ्यांवर चपलेचा पट्टा लावत होती. तिने यंत्रवाल्याला सांगितलं ते असं.

"मास्तर बराच वेळ कठडा धरून उभे. मग विचारतात काय, गाडी किती वाजता आहे?"

"आणि ताई?"

"ताई म्हणाली, सकाळी आहे. मग मास्तर विचारतात, सामान जड आहे का? ती म्हणाली, भाऊ आहे उचलायला."

"बस?"

"बस. अहो, दगडसुद्धा बोलला असता. तोंड उघडायला काय पैसे पडत होते का?"

त्यानंतरची सकाळ मला आठवते. मास्तर आले, मला पुसलं, खुर्चीसमोर बसले. जिना वाजला नाही. मालक डोकावले आणि म्हणाले, "मास्तर, सध्या तुम्ही एकट्यानेच बघा. दुसरं कोणी मिळेपर्यंत." दुसरं कोणी मिळालं नाही. मिळवायचा प्रयत्नही कोणी फारसा केला नाही.

मग मास्तर दोघांचं काम करू लागले. एक ओळ मूळ प्रतीतली मोठ्याने वाचायची, मग मान वळवून प्रुफावर पाहायची. "कोट सुरू" तेच म्हणत आणि "कोट बंद" तेच म्हणत. समोरून उत्तर येत नसे. मधूनमधून त्यांचा आवाज नकळत घोगरा व्हायचा. टिंब आलं की तेही ते जरा हळू म्हणत. म्हणजे त्यांच्या लक्षात आलं होतं तर.

पण एकट्याच्या वाचनात एक खोट असते. आपणच वाचतो आणि आपणच ऐकतो, तेव्हा कान आपल्याच बाजूने बोलतो. असायला हवं ते तो ऐकतो, असतं ते नाही. चुका राहू लागल्या. आधी बारीक. मग एका पुस्तकात गिरणीवाल्याचं बोलणं सुरू झालं आणि बंद करायची खूणच राहून गेली. पुस्तक तसंच छापलं गेलं. मग काय विचारता. पुढे वारा सुटला, तो गिरणीवालाच बोलतोय. नदीला पूर आला, तोही त्याच्याच तोंडातून. गाढव ओरडलं, पूल पडला, लग्न लागलं, सगळं त्या एका माणसाचं बोलणं होऊन बसलं.

मालक ते पुस्तक घेऊन वर आले. रागावले नव्हते, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं.

"मास्तर, हा गिरणीवाला गप्प कधी बसणार?"

मास्तरांनी पान पाहिलं. "माझी चूक," म्हणाले.

"चूक होते हो. पण ताई असत्या तर..." मालकांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि पाटीकडे बघून, ओशाळून खाली गेले.

मास्तर बसले. नवीन प्रूफ समोर ओढलं. मला पहिल्या ओळीखाली ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. अर्ध्या ओळीत थांबले. समोरच्या खुर्चीकडे पाहून म्हणाले, "परत."

कोणी वाचलं नाही.

"परत," ते पुन्हा म्हणाले, आणि मला वाटतं, आपलाच आवाज त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू आला. ते उठले. टोपी खुंटीवर राहिली. डबा टेबलाखाली राहिला. पेन्सिल घरंगळत जमिनीवर पडली, तिच्याकडेही त्यांनी पाहिलं नाही. वाकलेला माणूस इतक्या वेगाने जिना उतरू शकतो, हे मला माहीत नव्हतं. खाली यंत्रवाल्याने विचारलं, "मास्तर, कुठे निघालात?" उत्तर आलं, "गाडी किती वाजता आहे?" या वेळी मात्र विचारणाऱ्याला त्या गाडीत बसायचं होतं.

मी पहिल्या ओळीखाली तशीच पडून राहिले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. शिवणबाई सांगते की मास्तर थेट त्या गावी गेले, दार वाजवलं आणि वहिनीने दार उघडल्याबरोबर सगळं वाक्य तिलाच म्हणून टाकलं, कारण थांबले असते तर ते परत आत गेलं असतं. वहिनी म्हणाली, "हे माझ्यासाठी नसावं," आणि ताईंना हाक मारली. यंत्रवाला सांगतो की तसं नाही, मास्तर दाराबाहेर पायरीवर बसून राहिले आणि ताईच बाहेर येऊन म्हणाल्या, "परत." मला दोन्ही आवडतात. एक दिवस मी एक सांगते, दुसऱ्या दिवशी दुसरं.

खरं म्हणून धरण्यासारखं इतकंच, की मास्तर परत आले नाहीत. पुढे शाई विकायला गावोगाव फिरणारा एक माणूस आला होता. तो म्हणाला, त्या गावच्या एका छापखान्यात एक उंच वाकलेला म्हातारा आणि एक घोगऱ्या आवाजाची बाई टेबलाशी समोरासमोर बसलेली पाहिली. वाचायचं काम बाजूला ठेवून दोघं गप्पा मारत होती, आणि तिथला मालक दारात हात चोळत उभा होता.

"त्यांच्या टेबलावर पट्टी होती का?" असं मात्र कोणी विचारलं नाही. असेल. लाकडी असेल बहुतेक. लाकडी पट्ट्या वाकतात, हे मी आपलं सहज सांगते.

मला राग नाही. बोलायला धावत सुटलेल्या माणसाने पट्टी आठवून घ्यावी, अशी अपेक्षा कशी करायची? पण खोटं कशाला सांगू, बरीच वर्षं जिना वाजला की मी अंग ताठ करून बसायची. आता टोपी न्यायला येतील, डबा न्यायला येतील, मग मी दिसेनच, असं वाटायचं. टोपीला कसर लागली. डबा कोणीतरी नेला. ती पाटी कोणीतरी सरपणात टाकली आणि खोलीत रिकामे खोके आले. माझ्या टोकाने रंगाच्या डब्यांची झाकणं उघडली, त्यात मी एका बाजूने वाकले. आज मी त्याच खोलीच्या खिडकीच्या फटीत आहे, वाऱ्याने ती खडखडू नये म्हणून. अंगावर हिरवट डाग पडले आहेत. समोर कागद नाही, ओळ नाही. ऊन रोज टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून भिंतीवर जातं, आणि या खोलीत मूळ प्रतीतलं किंवा बाहेरचं, कोणी काहीच बोलत नाही.

मित्रांनो, अशी एखादी पट्टी तुम्हाला कुठे सापडली, तर तिला घासूनपुसून कपाटात शोभेला ठेवू नका. डाग राहिले तरी चालतील. तिला पुस्तकातल्या एका ओळीखाली ठेवा आणि मोठ्याने वाचा. बोलणाऱ्याचं बोलणं सुरू झालं की तशी खूण करा, संपलं की बंद करायला विसरू नका, आणि ज्याचा प्रश्न त्याच्याकडेच राहू द्या. पण एकट्याने वाचू नका. समोर कोणालातरी बसवा. आणि वाचून झालं, तरी लगेच उठू नका. समोरच्याला कदाचित काही म्हणायचं असेल, आणि त्याला जरा वेळ लागत असेल.